गाडा उभा करायचा नाही

पोलिसांनी सकाळी फिरायला निघालेल्या माणसांना आमच्या गल्लीच्या तोंडाशी उठाबशा काढायला लावल्या, तेव्हा मी दारातून बघत होते आणि माझं डोकंच फिरलं. शिक्षा केली म्हणून नव्हे, इतक्या वाईट उठाबशा काढून घेतल्या म्हणून. एकाची पाठ वाकलेली, दुसऱ्याच्या टाचा वर, आणि बँकेतून रिटायर झालेले आमचे शेजारचे काका तर गुडघे न वाकवता नुसती मान खालीवर करत होते. हवालदार आपला काठी टेकून मोजतोय. मी बीडच्या एका शाळेत पीटीची बाई. मला राहवेना. मी दारातूनच म्हटलं, "काका, टाचा टेकवा, गुडघे जातील तुमचे." हवालदारानं माझ्याकडं असं पाहिलं की मी गुपचूप दार लावून घेतलं.

लॉकडाऊनचे ते पहिले आठवडे. जन्मभर मी पोरांना सांगत आले की व्यायाम ही शिक्षा नसते रे बाबांनो, आणि इथं फिरायला गेलं की उठाबशा. म्हणजे व्यायाम केला म्हणून व्यायाम. एरवी मी पोट धरून हसले असते. पण माझ्या घरात एक माणूस असा होता की त्याचं चालणं आता थांबलं, तर ते कायमचंच थांबणार होतं.

अब्बांना त्या हिवाळ्यात लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि तोंडाची एक बाजू. जीव वाचला, पण दवाखान्यातून घरी आले ते पाय ओढत. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, "हे सुरुवातीचे काही महिनेच काय ते हातात आहेत. रोज चालवा, सपाट रस्त्यावर, चांगलं लांबवर. हे महिने असेच गेले तर पाय आहे तिथंच राहील." मला तर हे सांगायचीही गरज नव्हती. चालवणं, पळवणं हाच माझा धंदा. मी मनात म्हटलं, अख्ख्या शाळेला मैदानावर पळवते मी, एका बापाला नाही चालवणार?

पण बाप ऐकेल तर ना. अब्बा बागवान माणूस. उभं आयुष्य फळांचा गाडा ढकलत बीडच्या गल्ल्यागल्ल्यांतून फिरण्यात गेलेलं; गिऱ्हाईकं त्यांना मामू म्हणायची. चालण्याला त्यांची ना नव्हती, 'फिरायला जाण्याला' होती. मी त्यांना शाळेच्या मैदानावर नेलं, म्हटलं, इथून त्या गोलपोस्टपर्यंत जायचं आणि परत यायचं. ते म्हणाले, "तिथं काय हाय?" मी म्हटलं, काही नाही. "मग कावून जायचं?" आमच्या घरात बोली दखनी, पण अब्बा रागावले की बाजारातली मराठी बोलतात, आणि त्या दिवसांत ते कायम रागावलेलेच असायचे. वॉकर आणला तर त्याला हातही लावला नाही. म्हणाले, "चार पायांवर चालायला मी काय जनावर हाय?" अम्मीनं त्यावर ओले कपडे वाळत घातले, तेवढाच त्याचा उपयोग झाला.

तरीही ओढत, भांडत, चहाची लालूच दाखवत मी त्यांना मैदानावर नेत होते आणि पायात थोडी थोडी जान येत होती. आणि नेमकं तेव्हाच सगळं बंद झालं. मैदानाला कुलूप, रस्त्यावर पोलीस. आमचं घर दोन खोल्यांचं. पाण्याच्या टाकीपासून अम्मीच्या शिलाई मशीनपर्यंत चाललं की वाट संपली. अंगण नाही, गच्ची नाही, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरच्याच्या घरात फोडणी दिली की ठसका आपल्याला लागतो. अब्बांनी दोन दिवस घरातल्या घरात येरझाऱ्या घातल्या आणि मग भिंतीकडं तोंड करून जे पडले ते पडलेच. पोटरी पुन्हा कडक व्हायला लागली. मी तेल लावताना बोटांना ते कळायचं. बोलणंही बंद झालं होतं त्यांचं. तोंड वाकडं झाल्यामुळं शब्द घसरायचे, आणि ज्या माणसाची आरोळी तीन गल्ल्या पलीकडं ऐकू जायची, त्याला स्वतःच्या आवाजाची लाज वाटायला लागली होती.

मी चौकात जाऊन त्याच हवालदाराला विचारलं. दवाखान्याचे कागद दाखवले. म्हटलं, पेशंट आहे, पहाटे अर्धा तास रिकाम्या रस्त्यानं चालवू द्या, कुणाच्या जवळ जाणार नाही. तो काही वाईट माणूस नव्हता, पण थकलेला होता. म्हणाला, "मॅडम, व्यायाम घरात करायचा. वरून आदेश हाय. आज तुमाला सोडलं तर उद्या सगळं बीड पेशंट होतंय."

त्याचंही खरंच होतं म्हणा. बीडकरांनी तोवर डोकं लढवायला सुरुवात केली होती. दूध आणायला परवानगी होती, म्हणून फिरायला जाणारे सगळे हातात किटली घेऊन निघायचे. पांढरे बूट, ट्रॅकपँट आणि हातात किटली. आमचे शेजारचे काका तर दोन वेळा दूध आणायला जायचे आणि त्यांच्या घरी चहा मात्र काळा. शेवटी हवालदारानं झाकणं उघडून बघायला सुरुवात केली. काकांच्या किटलीत पाणी निघालं. काका म्हणाले, "गवळी लबाड आहे हो." पुन्हा उठाबशा. मला वाटलं, यांना बरं आहे. यांचा फक्त व्यायाम बुडतोय, माझ्या बापाचा पाय बुडतोय.

मग एका सकाळी गल्लीच्या तोंडावरून भोंग्याची गाडी गेली. भाजी आणि फळांच्या गाड्यांना दुपारपर्यंत परवानगी, पास काढून घ्यावा, तोंडाला मास्क बांधावा. आणि शेवटी, "गाडा एका जागी उभा करू नये. गर्दी होते. गाडा फिरता ठेवावा. उभा दिसल्यास कारवाई होईल."

भिंतीकडून आवाज आला, "गाडा उभा न्हाई करायचा तर विकायचं कसं? अक्कल हाय का यांना?"

किती तरी दिवसांनी अब्बा आपणहून बोलले होते. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. व्यायामासाठी चाललं तर गुन्हा, आणि गाडा घेऊन थांबलं तर गुन्हा. अरे, मग सरकारच म्हणतंय की चाला! मी तशीच उठले, मास्क बांधला आणि पास काढून आणला. अम्मीला सांगितलं तेव्हा तिनं कपाळावर हात मारला. "ज्याला उभं राहता येत न्हाई त्याला गाडा ढकलायला लावतेस? बापाला मारून टाकतेस का?" मी म्हटलं, अम्मी, पडून राहून मरण्यापेक्षा बरं.

गल्लीच्या तोंडाशी ताडपत्रीखाली गाडा उभा होता. मी चाकांना तेल दिलं, धूळ पुसली आणि त्यावर मोजक्या पपया मांडल्या. मुद्दाम थोड्या. म्हटलं, आजारी माणूस आहे, हलका बरा. इथंच चुकले. बागवानाची लेक असून चुकले. अब्बांनी दांड्याला हात लावला, अंगाचा भार टाकला आणि गाडा सुसाट पुढं. आमचा रस्ता नदीकडं उतरता. अब्बा मागं लटकलेले, पाय फरफटतोय, पपया रस्त्यावर. मी पुढं धावून चाकाचे आरे धरले, माझे दोन्ही गुडघे फुटले. वरच्या खिडकीतून काका ओरडले, "अरे, अरे, अरे." अम्मी दारात पदर तोंडाला लावून उभी.

मला वाटलं, संपलं. आता हा माणूस पुन्हा बाहेर येत नाही. मला अब्बांकडं बघायचीही हिंमत होईना. आणि अब्बा कडाडले. घसरत्या शब्दांत, पण कडाडले. "रिकामा गाडा बाजारात काढतात का? आं? रिकामा गाडा पळतोय, भरलेला माणसाला धरतोय. बागवानाची पोर तू, आन एवढं न्हाई कळत? अर्धा गाडा घेऊन निघालो तर लोक म्हणतील, मामूचं दिवाळं निघालं. कलिंगडं आण. गाडाभर आण. वर पपया मांड, शोभेला."

गुडघ्यातून रक्त येत होतं आणि मला हसू फुटत होतं. आजारी पडल्यापासून या माणसानं पाणीसुद्धा मागितलं नव्हतं, आज गाडाभर कलिंगडं मागत होता. त्यांच्या ओळखीचा एक शेतकरी शिरूर कासारकडून माल आणायचा. त्याचा टेम्पो वाटेत अडकून कालच गावात आला होता आणि एवढा माल कुठं खपवावा या चिंतेत तो होता. एका फोनवर कलिंगडं दारात पडली. अब्बा स्टुलावर बसले आणि डाव्या हातानं दाखवत राहिले. मोठी फळं दांड्याच्या बाजूला, लहान पुढं, मध्ये पोत्याची घडी. मी आणि अम्मी रचत होतो आणि शिव्या खात होतो. इतक्या आनंदानं मी आयुष्यात शिव्या खाल्लेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. भरलेला गाडा खरंच पळाला नाही. अब्बांनी छाती टेकवल्यासारखा भार टाकला तेव्हा तो फक्त सावकाश हलला. अब्बांचा उजवा हात दांड्यावर ठेवून मी रुमालानं सैल बांधला होता. मी चाकाजवळून चालत होते आणि सवयीनं तोंडातून निघालं, "एक, दोन, एक, दोन." अब्बा थांबले. "कवायत घ्यायलीस का माझी? कलिंगड म्हण." मी म्हटलं, मला नाही येत तुमच्यासारखं. "मग गप बस."

आणि त्यांनी स्वतःच आरोळी दिली. वाकडी, फाटकी, अर्धी घशात अडकलेली. कोणी हसलं तर? वरच्या मजल्यावरची एक बाई गॅलरीत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "मामू, कुठं होता इतके दिस? आवाज का बसला?" अब्बा म्हणाले, "लॉकडाऊन लागलं व्हतं आवाजाला." बाई हसली, अब्बाही हसले, अर्ध्या तोंडानं का होईना. तिनं दोरीला बांधून पिशवी खाली सोडली. अब्बांनी डाव्या हातानं टिचकी मारून कलिंगड निवडलं आणि मी पिशवीत घातलं. तेवढ्यात चौकातून शिट्टी. "ओ मामू, गाडा उभा करायचा न्हाई. चला, चला." आम्ही चाललो.

असं पहिले काही दिवस चाललं. मग एका सकाळी हवालदारानं मला अडवलं. नवा नियम आला होता, एका गाड्यावर एकच माणूस. मी म्हटलं, अहो, यांना लकवा झालाय. तो म्हणाला, "मग कावून फिरायलेत? घरी बसवा की." लकवा आहे म्हणावं तर पास जातो, नाही म्हणावं तर मी जाते. माझ्या जिभेवर नाही नाही ते शब्द आले होते. पण मी काही बोलायच्या आत अब्बा म्हणाले, "ही कोण हाय मला म्हाईत न्हाई साहेब. गिऱ्हाईक असंल." आणि गाडा ढकलून पुढं गेलेसुद्धा.

मी रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूला गेले, हातात पिशवी धरली आणि गिऱ्हाईक झाले. पुढं पुलाचा चढ होता. तोवर चढ आला की मी पुढून गाडा ओढायची, त्यांना कळू न देता. आता ते एकटे होते. अर्ध्यावर गेले आणि गाडा थांबला. त्यांची पाठ मला दिसत होती, शर्ट घामानं चिकटलेला, उजवा पाय थरथरतोय. गाडा इंचभर मागं आला. मी रस्त्यात पाऊल टाकणार एवढ्यात मागून तो हवालदार, "मामू! थांबायचं न्हाई सांगितलं ना? चला पुढं!"

अल्लाशप्पथ, तेव्हा तो हवालदार माझ्या हाती सापडता तर मी त्याच्याकडून अशा उठाबशा काढून घेतल्या असत्या की तो जन्मभर विसरला नसता. पण अब्बांनी मान झटकली, काहीतरी पुटपुटले, बहुतेक शिवीच, आणि उजवा पाय पुढं टाकला. ओढला नाही, उचलून टाकला. मी पीटीची बाई आहे, ओढलेला पाय आणि उचललेला पाय मला लांबूनही कळतो. मग डावा. मग पुन्हा उजवा. पुलावर पोचल्यावर त्यांनी आरोळी दिली आणि ती नदीपलीकडं ऐकू गेली. हवालदाराला त्या दिवशी आपण काय केलं ते कळलं नाही, आजही ठाऊक नसेल. डॉक्टर जे सांगून थकले आणि मी जे भांडून थकले, ते त्यानं शिट्टी वाजवून करून घेतलं.

त्यानंतर मी रोज पलीकडच्या बाजूनं चालायची आणि अब्बा अलीकडच्या. रमजान सुरू झाला तशी फळांना मागणी वाढली. अब्बांना रोजे धरायला डॉक्टरांनी मनाई केली होती, त्याचं त्यांना फार वाईट वाटायचं. म्हणायचे, रोजा न्हाई तर न्हाई, दुसऱ्याच्या इफ्तारीला फळ तरी पोचवतो. गाडा त्यांना थांबू देत नव्हता आणि पोलीसही. हातावरचा रुमाल कधी सुटला ते आमच्या लक्षातही आलं नाही. पोटरी मऊ झाली. संध्याकाळी तेल लावताना ते पाय झटकून म्हणायचे, "हळू, माझा पाय हाय त्यो, कणिक न्हाई." पाय दुखतोय म्हणून तक्रार करणारा माणूस बघून अम्मी पदरानं डोळे पुसायची.

इकडं काकांची किटली पकडली गेल्यापासून त्यांचं पोट सुटलं होतं. एक दिवस ते खिडकीतून अब्बांना म्हणाले, "मामू, एखाद दिवस मला ढकलू द्या की गाडा. तेवढाच व्यायाम." अब्बांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "साहेब, बँक चालवणं सोपं. गाडा तुमच्यानं व्हायचा न्हाई." काका खट्टू झाले. मी मात्र दिवसभर हसत होते.

ईद तोंडावर आलेली. त्या सकाळी मला घरासाठी साखर घ्यायची होती म्हणून मी वाण्याच्या दुकानासमोर खडूनं आखलेल्या वर्तुळात उभी होते, रस्त्याकडं पाठ करून. अब्बा गाडा घेऊन पुढं गेले होते. अचानक शिट्टी वाजली आणि हवालदाराचा आवाज, "हा गाडा कोणाचा हाय? कावून उभा केला?"

मी वळले. रस्त्याच्या मध्यभागी आमचा गाडा उभा. त्याच्यामागं कोणी नाही.

माझ्या हातातली पिशवी गळून पडली. मला पहिलं हेच वाटलं की पडले. पुन्हा झटका आला आणि पडले. मी धावत सुटले. गाड्याच्या मागं पाहिलं, खाली वाकून पाहिलं. अब्बा नव्हते. चाकाखाली नीट वीट लावलेली होती. म्हणजे कोणीतरी वाकून ती लावली होती. हवालदार जवळ येऊन म्हणाला, "मॅडम, मामू कुठं गेले?" मी आजूबाजूला शोधायला लागले.

बाजूला एक बोळ होता, गाडा आत जाणार नाही असा, मधून गटार वाहणारा. त्याच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते, अब्बांची फार जुनी गिऱ्हाईक. तिच्या दारात अब्बा उभे होते. पोटाशी मोठं कलिंगड धरलेलं, दोन्ही हातांनी. उजवा हात खालून, कलिंगडाचा सगळा भार घेऊन. म्हातारी म्हणत होती, "ठेवा इथं उंबऱ्यावर. मला यायला होईना म्हणून हाक मारली बाबा." त्यांनी ते वाकून ठेवलं, "गोड निघंल, न्हाई निघालं तर परत द्या," म्हणाले आणि हात शर्टाला पुसत वळले. गटारापाशी आले आणि ते ओलांडलं. आधी उजवा पाय टाकून.

मी तिथंच रस्त्यावर, हवालदारासमोर, मास्क भिजेपर्यंत रडले. शाळेत पोरं मला घाबरतात, पण मी रडले आणि मला त्याची काडीची लाज वाटली नाही.

हवालदार वैतागला होता. "मामू, गाडा उभा करायचा न्हाई म्हणून किती डाव सांगायचं तुमाला?"

"गाडा उभा हाय बे," अब्बा बोळातूनच म्हणाले, प्रत्येक शब्द धड, ठणठणीत. "मी चालायलोय की."

आणि गाड्याला हातही न लावता, त्याच्या बाजूनं, ते माझ्याकडं चालत आले.